दोन गीझर, एक नळ : एकसर आणि समांतर जोडणीचा अभ्यास

१. प्रस्तावना

इंदूरमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पुष्कळदा दहा अंशांच्या आसपास उतरतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी अशा वेळी अंगावर घेववत नाही. एकत्र कुटुंबात, छोट्या वसतिगृहात किंवा भाडेकरू असलेल्या दुमजली घरात तासाभरात दहा-बारा माणसांच्या अंघोळी उरकायच्या असतात. घरातला २५ लिटरचा गीझर दोन-तीन बादल्यांतच थंड पडतो. मग घरमालक दुसरा गीझर विकत आणतो आणि प्लंबरला सांगतो, "याला पहिल्याशी जोडून दे."

हे "जोडून दे" वाटते तितके सोपे नाही. दोन गरम पाण्याच्या टाक्या दोन प्रकारे जोडता येतात. एकीचे पाणी दुसरीत सोडावे, म्हणजे एकसर जोडणी. किंवा दोहोंना थंड पाणी वेगवेगळे देऊन गरम पाणी पुढे एकत्र करावे, म्हणजे समांतर जोडणी. विजेच्या पाठात विद्यार्थी हे दोन शब्द शिकतात, पण नळकामाच्या पाठात तेच तत्त्व आहे हे त्यांच्या लक्षात सहसा येत नाही. प्लंबरचा अभ्यासक्रम वेगळा आणि वायरमनचा वेगळा असल्यामुळे हे काम दोघांच्या मध्ये पडते. दोघांपैकी एकानेही पुरते समजून न घेता केलेली जोडणी पाणी थंड ठेवते तोवर ती केवळ गैरसोय असते. बंद भांड्यातला दाब बाहेर पडायची वाट तिने अडवली, तर मात्र प्रश्न जिवाचा होतो.

कम्युनिटी कॉलेजमधील शिक्षकांना हा विषय वर्गात मांडता यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. तो वाचण्यास अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही. शालेय विज्ञान आणि थोडा हिशेब पुरेसा आहे.

२. परिभाषेविषयी थोडेसे

आपल्या वर्गात तीन-चार भाषा एकत्र बसतात. मराठी पाठ्यपुस्तक 'एकसर' व 'समांतर' म्हणते. हिंदी माध्यमाचा विद्यार्थी 'श्रेणीक्रम' व 'पार्श्वक्रम' शिकून येतो. उर्दू माध्यमाच्या मुलाला समांतरसाठी 'मुतवाज़ी' हा शब्द ओळखीचा असतो, तर एकसर जोडणी 'सिलसिलेवार' म्हटल्यास त्याला लगेच उमगते. कारागीर यांपैकी काहीच न म्हणता 'सीरिज' आणि 'पॅरलल' म्हणतात. शिक्षकाने हे सर्व शब्द फळ्यावर एकदा शेजारी-शेजारी लिहावेत. शब्द अडला की पुढची आकृतीही अडते, असा भाषेच्या शिक्षकाचा अनुभव आहे.

'गीझर' हा शब्दही दूरचा प्रवासी आहे. आइसलंडमधील गरम पाण्याच्या कारंज्याचे नाव 'गेसिर', त्यावरून तो इंग्रजीत आला. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन याने वायूवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारे धुराडे नव्हते, म्हणून ते धोक्याचे होते. नाव आजपर्यंत टिकले. बंद न्हाणीघरात वायूचा गीझर लावण्याचा धोकाही दुर्दैवाने टिकला आहे. त्याकडे पुढे येऊ.

३. बंब, हमाम आणि गीझर

होळकरांच्या काळापासून इंदूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतून तांब्याचा बंब असे. वर्गात गीझर समजावताना सुरुवात बंबापासून करावी. बंबाच्या मधोमध विस्तवाची उभी नळी आणि तिच्याभोवती पाणी. थंड पाणी नरसाळ्यातून ओतले की ते तळाशी जाते आणि वरचे तापलेले पाणी तोटीतून बाहेर येते. म्हणजे गरम पाणी हवे असेल तर थंड पाणी घालावे लागते. आत येणारे थंड पाणी गरम पाण्याला ढकलून बाहेर काढते.

गीझरचे तत्त्व नेमके हेच आहे. भिंतीवरच्या उभ्या गीझरला निळ्या खुणेच्या नळीतून थंड पाणी तळाशी येते. लाल खुणेची नळी आतून टाकीच्या वरच्या भागापर्यंत गेलेली असते आणि ती वरचे गरम पाणी घेते. गरम पाणी हलके असल्यामुळे वर राहते, थंड पाणी खाली राहते आणि दोहोंमध्ये एक थर तयार होतो. वापर चालू असताना हा थर हळूहळू वर सरकतो. तो लाल नळीच्या तोंडाशी पोहोचला की नळाला एकदम थंड पाणी येऊ लागते.

बंब आणि गीझर यांत एक मोठा फरक मात्र आहे. बंब वरून उघडा असतो. पाणी जास्त तापले तर वाफ नरसाळ्यातून निघून जाते. गीझर चोहोबाजूंनी बंद असतो. आजच्या सर्व सुरक्षा-साधनांचे मूळ या एका फरकात आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर पहिल्याच तासाला ठसवावे.

आपल्या परिसरात याहून जुनी उदाहरणेही आहेत. मांडूला चंपा बावडीजवळच्या हमामात गरम व थंड पाण्याची व्यवस्था स्वतंत्र होती. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास झाला. तिथे शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालच्या एका वाहिनीने एकीला एक जोडल्या आहेत आणि पाणी केवळ उतारावर वाहत शहराकडे येते. हे एकसर जोडणीचे मोठे उदाहरण होय. तिच्या गुणाबरोबर तिचा दोषही तिथे दिसतो. अशा मालिकेत वाहिनी एका जागी क्षारांनी बुजली तर त्या जागेच्या वरचे पाणी खाली पोहोचत नाही. कुंडी भंडाऱ्यात चुन्याच्या क्षारांचे थर साचण्याची अडचण प्रत्यक्षात आहेच.

४. जोडणीपूर्वीचा हिशेब

दुसरा गीझर आणण्याआधी किती पाणी लागते, हे कागदावर मांडावे. एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायचे तर २५ × ४० = १००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १.१६ युनिट वीज लागते. २ किलोवॉटचा गीझर हे काम सुमारे ३५ मिनिटांत करतो.

आता अंघोळीचा हिशेब. ६० अंशांचे पाणी कोणी अंगावर घेत नाही. ४० अंश पुरतात. ६० अंशांच्या १ लिटर पाण्यात २० अंशांचे १ लिटर मिसळले की ४० अंशांचे २ लिटर होते. म्हणून २५ लिटरच्या गीझरमधून कागदोपत्री ५० लिटर अंघोळीचे पाणी मिळते. प्रत्यक्षात थंड-गरम थर थोडे मिसळतात, म्हणून टाकीचे ८० टक्के पाणीच कामाचे धरावे. ते सुमारे ४० लिटर, म्हणजे २० लिटरच्या दोन बादल्या. असे दोन गीझर नीट जोडले तर चार बादल्या मिळतात. त्यानंतर दोन्ही चालू असूनही सुमारे अर्धा तास थांबावे लागते.

या हिशेबावरून काही वेळा उत्तर वेगळेच निघते. रोजच ५० लिटर लागत असतील तर २५ लिटरच्या दोन गीझरांपेक्षा ५० लिटरचा एकच बरा. सारख्या आकाराच्या दोन छोट्या टाक्यांचा एकूण पृष्ठभाग तेवढ्याच क्षमतेच्या एका मोठ्या टाकीपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी जास्त भरतो, म्हणून नुसती उभी असताना वाया जाणारी उष्णताही जास्त. दोन गीझर जोडणे योग्य ठरते ते मुख्यत्वे तीन परिस्थितींत : जुना गीझर चांगला आहे आणि गरज वाढली आहे, एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालले पाहिजे, किंवा एक सौर आणि एक विजेचा आहे.

५. एकसर जोडणी

या पद्धतीत टाकीवरून येणारे थंड पाणी पहिल्या गीझरच्या निळ्या तोंडात जाते. त्याच्या लाल तोंडातून निघालेले पाणी दुसऱ्याच्या निळ्या तोंडात, आणि दुसऱ्याच्या लाल तोंडातून नळाकडे. नळी कमी लागते, जोड कमी असतात आणि प्रवाह वाटला जाण्याचा प्रश्नच येत नाही. दोन गीझर वेगवेगळ्या क्षमतेचे असले तरी चालते.

वापराच्या वेळी थंड पाणी फक्त पहिल्या टाकीत शिरते. दुसरीत पहिलीचे गरम पाणी येत राहते, म्हणून पहिली टाकी पुरती थंड होईपर्यंत नळाचे पाणी गरमच असते. दोन टाक्या मिळून एक उंच टाकी असावी, तसे हे वागते.

यातून काही गोष्टी आपोआप येतात :

(अ) पहिल्या गीझरचे काम जास्त. थंड पाणी नेहमी त्यालाच झेलावे लागते, त्याचा रॉड अधिक वेळ चालतो आणि क्षारही आधी त्यातच साचतो.

(आ) एकच गीझर चालू ठेवायचा असेल तर नळाच्या बाजूचा, म्हणजे दुसरा ठेवावा. पहिला चालू आणि दुसरा बंद ठेवल्यास पहिल्याचे गरम पाणी दुसऱ्या टाकीतल्या थंड पाण्यात मिसळून वाया जाते.

(इ) एक गीझर दुरुस्तीला काढला तर सगळा रस्ता बंद होतो. म्हणून प्रत्येक गीझरला वळसा घालणारी नळी आणि तिच्यावर व्हॉल्व्ह जोडणीच्या वेळीच ठेवावा. नंतर भिंत फोडणे महाग पडते.

(ई) पाण्याला दोन्ही टाक्यांतून जावे लागते, त्यामुळे दाब जास्त खर्च होतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या नळापेक्षा तीनच मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. अशा वरच्या मजल्यावर एकसर जोडणीनंतर शॉवरची धार बारीक होते. तेथे नळी एक आकार मोठी घ्यावी किंवा समांतर जोडणीचा विचार करावा.

६. समांतर जोडणी

येथे थंड पाण्याची मुख्य नळी दोन शाखांत विभागून प्रत्येक गीझरला स्वतंत्र पाणी देते. दोघांची गरम पाण्याची तोंडे पुढे एका 'टी'ला मिळतात आणि तेथून एक नळी नळाकडे जाते. प्रत्येक टाकीतून अर्धाच प्रवाह जातो, म्हणून दाब कमी खर्च होतो आणि थर कमी मिसळतात. एक गीझर बंद करून दुसऱ्यावर काम चालवणेही सोपे.

पण पाणी नेहमी सोप्या वाटेने जाते. एका गीझरकडची नळी आखूड आणि सरळ, दुसऱ्याकडची लांब आणि चार एल्बोंची असेल तर प्रवाह निम्मानिम्मा होत नाही. समजा, ७० टक्के पाणी एका टाकीतून आणि ३० टक्के दुसरीतून जाते. पहिल्या टाकीतले २५ लिटर संपेपर्यंत नळातून एकूण सुमारे ३६ लिटर पाणी आलेले असेल. त्यानंतर नळाला ७० टक्के थंड आणि ३० टक्के गरम, म्हणजे २० अंशांचे आणि ६० अंशांचे पाणी मिसळून सुमारे ३२ अंशांचे पाणी येऊ लागते. दुसऱ्या टाकीत निम्म्याहून अधिक गरम पाणी शिल्लक असूनही घरची माणसे म्हणतात, "दोन गीझर लावले, तरी पाणी पुरत नाही." अशा तक्रारीत गीझर बदलून उपयोग नसतो, वाट सारखी करावी लागते.

वाट सारखी करण्याची जुनी युक्ती अशी की ज्या गीझरला थंड पाणी आधी मिळते, त्याचे गरम पाणी मुख्य नळीला शेवटी मिळावे. 'आत आधी, बाहेर शेवटी' असे सूत्र विद्यार्थ्यांना पाठ करायला लावावे. असे केले की दोन्ही वाटांची एकूण लांबी जवळजवळ सारखी होते. शिवाय गीझर सारख्या क्षमतेचे, सारख्या उंचीवर आणि शाखांच्या नळ्या एकाच आकाराच्या असाव्यात. दोन्ही थर्मोस्टॅट एकाच अंशावर ठेवावेत.

एक २५ लिटरचा आणि एक १० लिटरचा गीझर समांतर जोडू नये. प्रवाह सारखा वाटला तर १० लिटरचा फार लवकर थंड पडतो आणि मोठ्याच्या गरम पाण्यात थंड पाणी मिसळत राहतो. वेगळ्या क्षमतेच्या टाक्यांना एकसर जोडणीच योग्य.

७. सौर आणि विजेचा गीझर

दोन तापकांच्या जोडणीचा आपल्याकडे सर्वांत उपयोगी प्रकार हा आहे. दिवसाला १०० लिटर पाणी तापवणाऱ्या सपाट पट्टीच्या सौर संचाला सुमारे २ चौरस मीटर संग्राहक लागतो. माळव्यात वर्षाचा बराच काळ आकाश मोकळे असते. अडचण येते ती पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या ढगाळ दिवसांत.

येथे जोडणी एकसरच करावी : आधी सौर टाकी, नंतर विजेचा गीझर, मग नळ. सूर्याने पाणी ६० अंशांपर्यंत तापवले असेल तर विजेच्या गीझरचा थर्मोस्टॅट रॉड चालू करत नाही. ४० अंशांपर्यंतच तापवले असेल तर वरचे २० अंश तेवढे वीज भरून काढते. कोणी बटण दाबण्याची गरज पडत नाही. क्रम उलटा केला तर आधी वीज जळते आणि सूर्याला काम उरत नाही.

दोन बाबी मात्र तपासाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत सौर टाकीचे पाणी ८० अंशांच्या वर जाऊ शकते. गीझरच्या कंपनीच्या पत्रकात आत येणाऱ्या पाण्याची मर्यादा दिली आहे का, हे पाहावे आणि नळाच्या आधी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावावा. ६० अंशांचे पाणीसुद्धा मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत भाजते. लहान मुले आणि वृद्ध यांना त्याहून कमी वेळ पुरतो. दुसरे असे की गरम पाण्याला साधी पीव्हीसी नळी चालत नाही. सीपीव्हीसी, पीपीआर, तांबे किंवा जीआय वापरावी.

सौर संचाशी वायूचा गीझर जोडताना अधिक जपावे. साध्या वायू-गीझरची ज्योत आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाप्रमाणे कमी होत नाही, म्हणून आधीच गरम असलेले पाणी तो भाजण्याइतके तापवतो. तसेच तो न्हाणीघरात कधीही लावू नये. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार बंद करून अंघोळीला गेलेल्या माणसाला तो सावध होऊ देत नाही.

८. बंद भांडे आणि त्याची वाट

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दीड टक्का फुगते. २५ लिटरच्या टाकीत हे वाढलेले पाणी सुमारे पावणेचारशे मिलिलिटर होते. पाणी दाबले जात नाही, म्हणून या वाढीव पाण्याला कुठेतरी जाण्याची वाट हवी. उघड्या नळीने गच्चीच्या टाकीशी जोडलेल्या गीझरमध्ये ते मागे टाकीकडे सरकते. पण थंड पाण्याच्या नळीवर पाणी उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही असेल, तर ती वाट बंद होते. मग दाब वाढतो आणि सुरक्षा व्हॉल्व्ह थेंब-थेंब पाणी सोडून तो कमी करतो. हे थेंब पाहून पुष्कळ घरांत "व्हॉल्व्ह गळतो" म्हणून त्याला बूच मारतात. गळण्यासाठीच बसवलेल्या वस्तूला बूच मारणे, याहून मोठी चूक नाही.

थर्मोस्टॅट चिकटला आणि त्याच्या मागचा कट-आउटही चालला नाही तर पाणी तापतच राहते. बंद टाकीत दाबाखालचे पाणी १०० अंशांना उकळत नाही. ८ बारच्या आसपास ते १७० अंशांपर्यंत पाणीच राहते. अशी टाकी फुटली की दाब एकदम उतरतो, त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. भिंत पाडण्याचे बळ त्यात असते.

एका गीझरला कंपनीने दिलेला सुरक्षा व्हॉल्व्ह असतोच. दोन जोडताना गडबड होते ती मधल्या व्हॉल्व्हांमुळे. दुरुस्तीसाठी प्रत्येक गीझर वेगळा करता यावा म्हणून आपण त्याच्या आधी आणि नंतर बंद करणारे व्हॉल्व्ह लावतो. दोघांत मिळून एकच सुरक्षा व्हॉल्व्ह ठेवला आणि कोणी मधला व्हॉल्व्ह फिरवला, तर एक टाकी सर्व बाजूंनी कोंडली जाते. त्या वेळी तिचे विजेचे बटण चालू असेल तर पुढचे सांगायला नको.

म्हणून पुढील नियम विद्यार्थ्यांच्या वहीत असावेत :

(१) प्रत्येक टाकीला स्वतःचा सुरक्षा व्हॉल्व्ह असावा. दोघांत एक चालणार नाही.

(२) टाकी आणि तिचा सुरक्षा व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बंद करता येणारी कोणतीही वस्तू नसावी. क्रम असा : बंद करणारा व्हॉल्व्ह, मग सुरक्षा व्हॉल्व्ह, मग टाकी.

(३) सुरक्षा व्हॉल्व्हचे तोंड खाली, नळीने मोरीपर्यंत नेलेले आणि शेवटी उघडे असावे. एकसर जोडणीत दुसऱ्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून गरम पाणी ठिबकते, म्हणून ते कोणाच्या अंगावर पडणार नाही असे पाहावे.

(४) आधी पाणी, मग वीज. नळाला पाण्याची सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नये. टाकी रिकामी करताना आधी वीज, मग पाणी.

(५) गीझर आयएस २०८२ या मानकाच्या आयएसआय चिन्हाचा असावा.

जोडणी झाल्यावर विद्यार्थ्याने आकृतीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा : यातला कोणताही एक व्हॉल्व्ह बंद केला, किंवा सगळे बंद केले, तरी प्रत्येक टाकीला दाब सोडायला वाट उरते का? उत्तर 'नाही' आले तर जोडणी पुन्हा करावी.

९. विजेचा भार

२ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दोन मिळून १७.४ अँपिअर होतात आणि साधा पॉवर सॉकेट १६ अँपिअरचा असतो. एका सॉकेटवर बोर्ड लावून दोन गीझर चालवले की प्लग तापतो, प्लास्टिक मऊ होते आणि ठिणगी पडते. प्रत्येक गीझरला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, पुरेशा जाडीची, साधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि पक्के अर्थिंग हवे. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा. ओल्या जागेत जीव वाचवणारे साधन तेच आहे.

घराचा मंजूर भार कमी असेल तर दोहोंपैकी एकच चालू राहील असा चेंजओव्हर स्विच लावता येतो. तेव्हा दोन्ही टाक्या तापायला दुप्पट वेळ लागेल, हे घरमालकाला आधीच सांगावे.

१०. क्षार आणि देखभाल

१९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून आणले जाते. तरीही पुष्कळ घरांत बोअरिंगचे पाणी चालते आणि ते कठीण असते. कठीण पाणी जितके जास्त तापवावे, तितका चुन्याचा थर रॉडवर लवकर बसतो. थराखालचा रॉड स्वतः जास्त तापून जळतो, आणि सुरक्षा व्हॉल्व्हचे तोंडही त्याच थराने चिकटते. म्हणून वर्षातून एकदा टाकी धुवावी, रॉड आणि त्याग करणारी मॅग्नेशियमची कांडी पाहावी, आणि सुरक्षा व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी सुटते का ते तपासावे. एकसर जोडणीत पहिल्या गीझरची पाळी अधिक वेळा येईल.

क्षार टाळण्यासाठी थर्मोस्टॅट फार खाली आणू नये. २० ते ४५ अंशांच्या कोमट साठ्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. ६० अंशांना ते टिकत नाहीत. पाणी टाकीत ६० अंशांवर ठेवावे आणि नळाशी थंड मिसळून वापरावे, हा मधला मार्ग चांगला.

११. वर्गातील प्रयोग

हा सगळा विषय दोन पारदर्शक बाटल्या आणि थोड्या प्लास्टिक नळीत दाखवता येतो. प्रत्येक बाटलीला तळाशी आत येणारे आणि वर बाहेर जाणारे छिद्र करावे. बाटल्यांत रंगीत साधे पाणी भरावे. हे आपले 'गरम' पाणी. वरच्या भांड्यातून, किंचित मीठ घातलेले बिनरंगी पाणी सोडावे. ते जड असल्यामुळे तळाशी राहते, म्हणून ते 'थंड' पाणी.

एकसर जोडल्यावर पहिली बाटली खालून वर बिनरंगी होत जाते आणि दुसरी बराच वेळ रंगीत राहते. समांतर जोडून एका शाखेची नळी मुद्दाम लांब व बारीक ठेवली, तर एक बाटली रिकामी होऊनही दुसरी रंगीतच राहते आणि बाहेर फिके पाणी येते. मग 'आत आधी, बाहेर शेवटी' या सूत्राने नळ्या सारख्या करून प्रयोग पुन्हा करावा. बाहेरचे पाणी मापट्यात घेऊन किती मिलिलिटरनंतर रंग फिका झाला, हे विद्यार्थ्यांनी लिहून ठेवावे. वीज नाही, वाफ नाही आणि खर्चही जवळजवळ नाही.

शक्य असल्यास हा तास प्लंबिंग आणि वायरिंग या दोन्ही वर्गांचा एकत्र घ्यावा. शेवटी प्रत्येक जोडीने, म्हणजे एक नळकामाचा आणि एक विजेचा विद्यार्थी मिळून, स्वतःच्या घराची किंवा वसतिगृहाची आकृती काढावी आणि आठव्या विभागातला प्रश्न तिला विचारावा.

१२. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल : क्षमता सारखी, दाब कमी आणि काम अखंड चालू ठेवायचे असेल तेथे समांतर जोडणी, क्षमता वेगळी असेल किंवा सौर संच असेल तेथे एकसर जोडणी, रोजची गरज ठरलेली असेल तेथे शक्यतो एकच मोठी टाकी. जोडणी कोणतीही असो, प्रत्येक टाकीची दाब सोडण्याची वाट मोकळी असणे ही पहिली अट आहे आणि पाणी पुरणे ही दुसरी. आपल्या संस्थांतून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी उद्या कोणाच्या तरी घरात पाना घेऊन उभी राहणार आहे. घरमालक "जोडून दे" म्हणेल, तेव्हा काम सुरू करण्याआधी कागदावर आकृती काढण्याची सवय तिला लागली असेल, तर आपला तास कारणी लागला असे समजावे.